सूतभर इकडे, सूतभर तिकडे

"आज या मुठीला जो हात लावील, त्याने रात्री माझ्या घरात जेवायला बसू नये," शशिकलाबाई टिपणीस म्हणाल्या आणि आपल्या वाक्याचा परिणाम पाहण्यासाठी त्यांनी चष्मा वर सरकवून समोरच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिले.

मुलगा सत्यजीत मोबाइलमध्ये पाहत "हो आई" म्हणाला. सून चारुता शाईचे हात रॉकेलच्या बोळ्याने पुसत राहिली. मशीनमन रहीम रोज जेवायला स्वतःच्या घरी जात असे. तरीही त्याने मान खाली घातली. मालकिणीच्या यजमानांच्या वेळेपासून तो या छापखान्यात होता, आणि वहिनींचा आवाज चढला की मान खाली घालायची, एवढे त्याच्या अंगवळणी पडले होते.

पनवेलमध्ये टपाल नाक्याच्या मागल्या गल्लीत खाली टिपणिसांचा छापखाना आणि वर टिपणिसांचे बिऱ्हाड होते. छापखान्याची निम्मी जागा एका जुन्या रोटरी ऑफसेट यंत्राने व्यापली होती. या यंत्रात कागदाचे अखंड रीळ रबर चढवलेल्या दोन सिलिंडरांच्या मधून धावे आणि दोन्ही अंगांनी छापून बाहेर पडे. त्या दोन सिलिंडरांमध्ये अंतर किती ठेवायचे, हा छापखान्यातला सर्वांत नाजूक प्रश्न होता. अंतर कमी झाले तर कागद चेपला जाई, शाई पसरे आणि अक्षरे सुजल्यासारखी दिसत. ते वाढले तर तीच अक्षरे आजारातून उठल्यासारखी फिकट येत. हे अंतर जुळवण्यासाठी यंत्राच्या कुशीला एक पितळी मूठ होती. उजवीकडे फिरवली की सिलिंडर जवळ येत, डावीकडे फिरवली की दूर जात.

आजच्या दिवशी या मुठीला एवढे महत्त्व येण्याचे कारण असे की दुपारी चार वाजता 'खाडीवारा' साप्ताहिकाचा संपादक निनाद नमुना पाहायला येणार होता. नमुना पसंत पडला तर साप्ताहिक कायमचे टिपणिसांकडे छापायला येणार होते. पसंत पडला नाही तर सत्यजीत भिवंडीच्या भंगारवाल्याला फोन करणार होता. तसे मायलेकांत ठरले होते, आणि शशिकलाबाईंनी शब्द दिला होता. दिलेला शब्द त्या मोडत नसत. यंत्र मोडीत निघालेले मात्र त्यांना बघवणार नव्हते. यजमान गेल्यावर हे यंत्र त्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालवले होते. त्याच्या घरघरीवाचून त्यांना दुपारची झोपसुद्धा लागत नसे.

म्हणून सकाळी अंघोळ करून, देवाला फूल वाहून त्या स्वतः खाली उतरल्या होत्या आणि त्यांनी आपल्या पद्धतीने अंतर जुळवले होते. त्यांची पद्धत साधी होती. कागदाची एक पट्टी दोन सिलिंडरांत धरायची आणि हलकेच ओढायची.

"माहेरपणाला आलेली लेक सासरी निघते ना, तशी पट्टी निघाली पाहिजे," त्या दरवेळी सांगत. "पाय निघत नाही, पण निघते. धावत सुटली तर अंतर जास्त. निघेनाशी झाली तर कमी."

आज पट्टी अगदी रडतरडत, पण वेळेवर निघाली होती. शशिकलाबाई समाधानाने वर गेल्या आणि त्यांनी वरणाला फोडणी दिली.

फोडणी तडतडत असतानाच पायाखालच्या घरघरीत त्यांना काहीतरी वेगळे जाणवले. आवाज भरदार झाला होता. त्यांनी गॅस बारीक केला, कान दिला आणि पदर खोचून त्या खाली आल्या. रहीम यंत्रापासून चांगला दूर उभा होता, नको इतका दूर. छापून पडलेली प्रत त्यांनी उचलली. मथळ्याची अक्षरे गालफुगी झाल्यासारखी दिसत होती.

"रहीम, मुठीला हात लावलास?"

"वैनी, माझा हात मुठीला कशाला जाईल?"

शशिकलाबाईंनी मुले वाढवली होती. प्रश्नाला प्रश्नाने दिलेले उत्तर म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते.

"मग आवाज कसा बदलला?"

"आवाज सकाळी बिघडलेला होता, आता बरा झालाय," रहीम दाढीवरून हात फिरवत म्हणाला. "मशीनचा आवाज कसा पायजे? बिर्याणी खाऊन उठलेल्या मानसासारखा. सकाळी रोजा धरल्यासारखी कुंथत होती बिचारी."

"मला पट्टी कळते, रहीम. बिर्याणी कळत नाही."

"तेच म्हनतो मी, वैनी. एकदा फातिमाच्या हातची खाऊन बघा, मग मशीनचापण आवाज कळंल."

शुक्रवार होता. थोड्याच वेळात रहीम टोपी घालून जुम्म्याच्या नमाजाला गेला. सत्यजीत दारात उभा राहून फोनवर बोलत होता. शशिकलाबाईंनी आजूबाजूला पाहिले. आपण सकाळी जे बोललो ते इतरांच्या हातांविषयी बोललो, शिवाय घर आपले स्वतःचे असल्यामुळे आपल्याला त्यात जेवायची बंदी होऊच शकत नाही, असा विचार त्यांनी शांतपणे केला. आणि आपण काही नवे करत नाही, केवळ सकाळचेच अंतर पूर्ववत करत आहोत. त्यांनी यंत्र थांबवले आणि मूठ सूतभर डावीकडे फिरवली.

वर जाऊन त्यांनी भाताचे आधण ठेवले. आधण उकळण्याआधीच यंत्र पुन्हा सुरू झाले आणि लगेच खालून 'टर्रर्र' असा लांबलचक आवाज आला. त्यामागोमाग सत्यजीतचे "अरे, अरे, अरे!" ऐकू आले, आणि त्याच्यामागून शांतता पसरली.

खाली कागद तुटला होता. तुटलेला कागद सिलिंडरभोवती गुंडाळला जाऊन त्याचा गठ्ठा झाला होता आणि त्या गठ्ठ्यात चारुता कोपरापर्यंत हात घालून लांबच लांब चिंध्या बाहेर ओढत होती. सत्यजीतच्या हातात भिंग होते.

"काय केलंस?"

"मी काही नाही केलं, आई. मी फक्त फोटोतले डॉट्स चेक करत होतो."

"भिंगाने कागद तुटत नाही."

"अगं, प्रिंट एकदम फेंट येत होती! डॉट्स दिसतच नव्हते. ॲक्च्युअली ना, हे पट्टीबिट्टी आता कोणी वापरत नाही. मी सगळे व्हिडिओ बघितलेत. हे सायंटिफिकली करायचं असतं."

"म्हणजे मुठीला हात लावलास."

"मी कशाला हात लावू?"

याही प्रश्नाला शशिकलाबाई हसल्या नाहीत. प्रत फिकट का आली असावी याची त्यांना थोडीशी कल्पना होती, आणि त्या कल्पनेविषयी त्यांना चर्चा नको होती.

एवढ्यात रहीम नमाजाहून परतला. सिलिंडरांची अवस्था पाहून त्याने कपाळावर हात मारला. "या अल्ला! मी अर्धा घंटा गेलो तर मशीनचा गळा दाबला? सत्याशेठ, एवढी टाइट कुनी करतं का?"

"चाचा, तुम्ही सकाळी टाइट केलीत तेव्हा चाललं ना?"

"मी टाइट केली ती बरोबर केली!" रहीम म्हणाला आणि लगेच जीभ चावून त्याने वहिनींकडे पाहिले.

"आई," चिंध्यांतून मान वर काढून चारुता म्हणाली, "त्या मुठीवर फडकं बांधून ठेवू या का? म्हणजे चुकून कोणाचा हात लागायला नको."

'चुकून' हा शब्द तिने ज्या आदराने उच्चारला, त्यात शशिकलाबाईंना काहीतरी खुपले. परंतु सूचना योग्य होती. आधी त्यांनी पट्टी मागवली, सर्वांच्या देखत अंतर पुन्हा जुळवले, लेक सासरी पाठवली आणि मुठीवर स्वच्छ फडके गुंडाळून स्वतःच्या हाताने नीरगाठ मारली.

"आता बघते," त्या म्हणाल्या.

जेवण होऊन त्या खाली आल्या तेव्हा फडक्याला सुरगाठ होती.

त्यांनी कोणाला काही विचारले नाही. प्रश्न विचारला तर प्रश्नच परत येणार होता. त्यांनी सुरगाठ सोडली, मूठ सूतभर मागे नेली आणि नीरगाठ मारली. ओसरीवर पान लावून परत येतात तो गाठ दुहेरी झालेली. दुहेरी गाठ मारण्याची सवय रहीमला होती, तो कागदाचे गठ्ठेही तसेच बांधे. त्यांनी तीही सोडली. मग सत्यजीत "कॉफी हवी का?" असे विचारायला आला. एरवी तो आईला कधी कॉफी विचारत नसे. शशिकलाबाई पिशवीतला चष्मा घेऊन येईपर्यंत गाठ मुळी उरलीच नव्हती, फडके नुसते अडकवले होते. चार जवळ येत चालले होते. रहीम दोनदा पाणी पिऊन आला. सत्यजीत गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. शशिकलाबाई खुर्चीवर बसत आणि लगेच उठत. प्रत्येकजण यंत्राकडे पाठ करून उभा राही आणि कोणाचीच पाठ स्थिर नसे.

मधूनमधून यंत्र चालवून प्रत काढली जाई आणि तिघे तिच्यावर वाकत.

"आत्ता आली नजरेत," शशिकलाबाई म्हणत. नुकतीच त्यांनी मूठ डावीकडे नेलेली असे.

"जरा फेंट नाही का वाटत?" सत्यजीत भिंगातून म्हणे आणि मागाहून कधीतरी यंत्राशी घोटाळे. पुढची प्रत पाहून तो म्हणे, "आता शार्प आहे!"

"शार्प नाय, चेपलीय," रहीम म्हणे. त्याच्यानंतरच्या प्रतीला कान लावल्यासारखी मान तिरकी करून तो सांगे, "ही बघा. हिला म्हनायची पोटभर जेवलेली."

"रहीम, ती सुजलीय."

"चारुता, तू सांग," सत्यजीत म्हणाला.

चारुता टेबलाशी बसून पुढच्या पानाची जुळणी तपासत होती. आधी तावातावाने चिंध्या काढणारी ही मुलगी जेवणानंतर एकाएकी फार शांत झाली होती. वर न पाहता ती म्हणाली, "सगळ्याच छान आहेत."

"तिला काय कळतंय," तिघेही एकदमच म्हणाले. त्या दिवसात त्यांचे एकमत झाले ते एवढ्याच एका मुद्द्यावर.

निनाद चारऐवजी साडेतीनलाच आला. वाटेत ट्रॅफिक लागेल म्हणून तो मोरा बंदराहून लवकर निघाला होता आणि ट्रॅफिक लागला नव्हता. त्याची गाडी गल्लीत वळली तेव्हा रहीमचा हात मुठीवर होता, सत्यजीतचा हात रहीमच्या हातावर होता, आणि "बाजूला व्हा दोघेही" असे म्हणत शशिकलाबाईंनी त्या दोन्ही हातांवर आपला हात ठेवला होता. या स्थितीत मूठ उजवीकडे गेली की डावीकडे, हे कोणालाच कळले नाही.

"पूजा वगैरे चाललीय का?" निनादने दारातून विचारले.

"या, या," शशिकलाबाई हात काढून घेत म्हणाल्या. "शुभ कामाला तिघांचा हात लागावा, अशी आमच्याकडे पद्धत आहे."

आता जुळवाजुळवीला वेळ नव्हता. शशिकलाबाईंना आयुष्यात प्रथमच असे वाटले की खुर्चीत बसावे आणि डोळे मिटून घ्यावेत. सिलिंडरांमध्ये आता नेमके किती अंतर उरले आहे, हे त्या साऱ्या घरात एकालाही सांगता आले नसते. रहीमने बिस्मिल्ला म्हणून बटण दाबले. यंत्र घरघरले, कागद धावू लागला, आणि घड्या पडलेल्या प्रती पलीकडे एकावर एक पडू लागल्या. निनादने वरच्या काही बाजूला सारून मधलीच एक प्रत ओढली. चोख संपादक वरची प्रत कधीच घेत नाही, हे शशिकलाबाईंना माहीत होते.

निनादने प्रत उघडली. मथळा पाहिला. बारीक जाहिरातींच्या पानावर नाक टेकवले. आपटा गावच्या पुलाचा एक फोटो होता. त्यातल्या पाण्यावरच्या उजेडाकडे तो बराच वेळ बघत राहिला. सत्यजीतचा फोन हातात होता आणि भिवंडीच्या भंगारवाल्याचा नंबर पडद्यावर काढलेला होता, हे त्याच्या आईने पाहिले.

"मुंबईच्या प्रेसमध्येसुद्धा इतकं स्वच्छ येत नाही हो," निनाद म्हणाला. "काळा काळा आहे आणि पांढरा पांढरा. काम तुमचं. येत्या आठवड्यापासून सुरू करू."

सत्यजीतने नंबर पुसला. रहीमने "अल्हम्दुलिल्ला" म्हटले. शशिकलाबाईंनी पदराने कपाळ टिपले, आणि आपण सूतभर डावीकडे नेली ते किती योग्य केले, असे त्यांच्या मनात आले. दोघा पुरुषांच्या चेहऱ्यावरची कोवळी, सोज्ज्वळ प्रौढी पाहून त्या दोघांच्या मनातही काहीतरी तसेच आले असणार, हे त्यांनी ओळखले.

"पण एक सांगा," निनाद म्हणाला, "सिलिंडरचं सेटिंग कोणी केलं? मला त्या माणसाचं नाव हवंय. दर आठवड्याला त्याच माणसाने करायचं, हे माझ्याकडून पक्कं."

मानाचे पान समोर होते आणि घ्यायला कोणाचा हात धजत नव्हता, कारण 'मी' म्हणणारा प्रत्येकजण सबंध दिवसभर 'मी कशाला हात लावू' असे म्हणून चुकला होता. रहीमने छताकडे पाहिले. सत्यजीतने भिंगातून स्वतःचा अंगठा पाहिला. शशिकलाबाईंनी तोंड उघडले आणि समोरच्या फडक्याकडे लक्ष जाताच मिटले.

"आईंनीच," टेबलापाशी बसलेली चारुता म्हणाली. "सकाळी त्यांनी जुळवलं आणि दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असं सांगितलं होतं. कोणी लावला नाही."

यावर कोणालाही हरकत घेता येण्यासारखी नव्हती.

निनाद चहा पिऊन गेला. रहीम फातिमाला बातमी सांगायला लवकर घरी गेला. सत्यजीत पेढे आणायला बाहेर पडला. शशिकलाबाई मागे राहिल्या. खरे म्हणजे आता त्यांनी वर जाऊन पडायला हवे होते. पण त्यांच्या हातात निनादने उघडलेली प्रत होती, आणि ती जितकी पाहावी तितका डावीकडचा रकाना किंचित जड वाटत होता. किंचितच. आठवडाभर ते मनात डाचत राहण्यापेक्षा आत्ताच पाहिलेले बरे. त्यांनी फडके काढले आणि मूठ सूतभर फिरवली. मग नक्की किती हलले हे पाहण्यासाठी त्या बॅटरी घेऊन खाली वाकल्या.

सिलिंडर हलला नव्हता.

त्यांनी मूठ पाव फेरा फिरवली. मग अर्धा. मग रागाने एक पूर्ण गिरकी दिली. मूठ हाताला जड लागत होती, जितकी नेहमी लागते तितकीच. पण आतला दांडा जागच्या जागी होता आणि दोन सिलिंडर एकमेकांकडे ढिम्म बघत होते.

"चारुता!"

चारुता आली. सासूबाईंचा हात मुठीवर आणि बॅटरीचा उजेड दांड्यावर पाहून तिने पदर नीट केला.

"मुठीच्या मानेत एक छोटा स्क्रू असतो, आई. तो दांड्याला धरून ठेवतो. तो मी सैल केला. हाताला कळू नये म्हणून आत जुन्या रबराची पट्टी घातली."

"केव्हा?"

"जेवणानंतर. तुम्ही पान लावत होता तेव्हा."

शशिकलाबाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. पान लावून झाल्यावर आपण काय काय केले, प्रती पाहून काय काय म्हणालो, "आत्ता आली नजरेत" किती ठामपणे म्हणालो, हे त्यांना एकामागून एक आठवत गेले.

"म्हणजे त्यानंतर रहीमने जी फिरवली…"

"ती नुसतीच फिरली."

"आणि सत्यजीतने…"

"तीही नुसतीच."

"आणि…" शशिकलाबाई थांबल्या.

"हो, आई," चारुता अत्यंत आदराने म्हणाली.

बाहेर गल्लीतून रिक्षा गेली. शशिकलाबाईंनी मुठीवरचा हात उचलला नाही. उचलला असता तर काहीतरी कबूल केल्यासारखे झाले असते.

"तू स्क्रू सैल केलास तेव्हा अंतर कोणाचं होतं? शेवटचा हात कोणाचा?"

"ते मी पाहिलंच नाही. मूठ कधी मोकळी मिळतेय एवढंच बघत होते." मग सासूबाईंच्या मुद्रेकडे पाहून तिने पुस्ती जोडली, "तुमचंच असेल."

पिठले पातळ झाले की चारुता याच सुरात "छान झालंय" म्हणत असे. शशिकलाबाई ताठ झाल्या.

"सैलच राहू दे," त्यांनी आज्ञा केली. "खरोखर जुळवायची वेळ आली तर दोघे बाहेर गेल्यावर मला बोलवायचं. स्क्रू तू घट्ट करायचास, पट्टी मी ओढायची. आणि रहीमला किंवा सत्यजीतला यातलं काही सांगायचं नाही. त्यांना फिरवायला काहीतरी हवं."

"हो, आई."

पुढल्या शुक्रवारी 'खाडीवारा'चा पहिला अंक यंत्रावर चढला. सकाळपासून रहीम कान देऊन मूठ फिरवत होता आणि सत्यजीत भिंग लावून ती उलट फिरवत होता. शशिकलाबाई वरून उतरल्या, त्यांनी एक प्रत उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "थांबा, अक्षर दबलंय."

दोघे बाजूला झाले. त्यांनी मूठ सूतभर डावीकडे नेली, अगदी तोलून मापून. यंत्र चालू झाले. नवी प्रत घेऊन त्या टेबलापाशी गेल्या, जिथे चारुता बसली होती, आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "सकाळी तू तो स्क्रू घट्ट केला नव्हतास ना?"

"नाही, आई. सैलच आहे."

शशिकलाबाईंनी चष्मा पुसला आणि प्रत पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेली.

"तरी सुधारलंय," त्या म्हणाल्या.